शरणपूर ते सातपूर



नाशिकवर व्याख्यान म्हटलं की काळाराम, पंचवटी, कुंभमेळा, सावरकर, कुसुमाग्रज आणि अलीकडे द्राक्षबागा, एवढ्यांत बहुधा विषय संपतो. आज मी ज्या समाजाबद्दल बोलणार आहे, तो या यादीत कधी नसतो. शहरातला एक अतिशय वर्दळीचा रस्ता मात्र त्याच समाजाच्या जुन्या वसाहतीच्या नावानं ओळखला जातो. शरणपूर रोडवर आज दुकानं आहेत, दवाखाने आहेत, क्लासेस आहेत. दीडशे वर्षांपूर्वी तिथे गावाबाहेर एक वस्ती होती आणि त्या वस्तीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली मुलं रंधा मारायला शिकत होती. माझ्या अनुभवात दहा नाशिककरांपैकी नऊ जणांना ही गोष्ट पहिल्यांदाच कळते.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. नाशिकचा ख्रिस्ती इतिहास हा हातानं काम करून पोट भरणाऱ्यांचा इतिहास आहे. मिशनरी येतात, बिशप येतात, चर्चं उभी राहतात, हे सगळं खरं. पण त्याखाली सतत वाहणारा प्रवाह आहे तो उखडलेल्या माणसांचा. कुणी दुष्काळानं उखडलं, कुणी गुलामांच्या व्यापारानं, कुणी जातीनं, तर कुणी रोजगाराच्या शोधात. हा प्रवाह शरणपुरापासून सातपूरपर्यंत, म्हणजे मिशनच्या सुतारशाळेपासून एमआयडीसीपर्यंत, तुटलेला नाही. नाशिक कारखान्यांचं शहर झालं त्याच्या शंभर वर्षं आधीपासून तो इथे आहे.

सुरुवात १८३२ची. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेनं त्या वर्षी नाशिकमध्ये काम सुरू केलं. पेशवाई बुडून चौदा वर्षं झाली होती आणि शास्त्री-पंडितांचं, क्षेत्रोपाध्यायांचं हे गाव होतं. आलेल्या मिशनऱ्यांत सी. पी. फॅरार हे प्रमुख. या मंडळींचा हिशेब असा होता की तीर्थक्षेत्रातले विद्वान पटले की बाकीचे मागोमाग येतील. त्यासाठी शाळा काढल्या, चर्चा केल्या, बाजारात प्रवचनं केली. शाळेला मुलं आली, शिकली आणि आपापल्या घरी गेली. वीस वर्षांत धर्म बदललेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. वादविवादाच्या मार्गानं नाशिक ख्रिस्ती होणार नाही, हे या काळात स्पष्ट झालं.

पुढे विल्यम सॉल्टर प्राइस आले आणि कामाची दिशा बदलली. १८५४च्या सुमारास त्यांनी गावापासून मैलभर अंतरावर शरणपूर वसवलं. ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्याला घर राहत नसे. जात वाळीत टाकी, विहिरीवर पाणी मिळत नसे, बलुत्याचं काम हातचं जाई आणि सोयरीक बंद होई. अशा माणसाला उपदेश करून भागत नाही. त्याला छप्पर हवं, शेत हवं, हाताला काम हवं. शरणपुरात अनाथाश्रम होता, शाळा होती, शेती होती आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी उद्योगशाळा होती. त्या काळी सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली सुतार होई. बाहेरच्याला ती विद्या मिळण्याची सोय नव्हती. महाराचा किंवा मांगाचा मुलगा, बेवारशी मुलगा, कुठल्याही जातीचा मुलगा एकाच छपराखाली एकच पटाशी चालवायला शिकतो आहे, ही गोष्ट नाशिकच्या आसमंतात नवी होती. माझ्या मते शरणपूरचं सगळ्यात मोठं काम हेच, चर्चपेक्षाही मोठं.

आता त्या आफ्रिकी मुलांकडे येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि तिथून गलबतांत भरून अरबस्तान, इराणकडे नेली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजं हिंदी महासागरात गस्त घालत आणि अशी गलबतं पकडत. सुटका झालेल्या माणसांचं करायचं काय? ज्या गावातून त्यांना पकडून आणलं ते गाव बहुतेकदा जळून गेलेलं असे, आणि परत सोडलं तर पुन्हा पकडले जाण्याची भीती. म्हणून त्यांतले अनेक जण मुंबईला आणले गेले. लहान मुलं मिशनच्या संस्थांकडे सोपवली गेली. १८६० पासून शरणपुरात त्यांच्यासाठी वेगळा आश्रम चालू झाला आणि त्यांच्या पोषणासाठी सरकारकडून पैसे मिळू लागले. भारताबाहेरच्या कागदपत्रांत ही मुलं ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाचं कुठलंही चांगलं पुस्तक उघडा, आपल्या शहराचं नाव तिथे सापडतं.

अँग्लिकन चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीचे रकाने ठरलेले असतात: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि शेवटी विधी करणाऱ्या पाळकाची सही. ज्या मुलाला पाच-सहा वर्षांचं असताना उचलून गलबतात कोंबलं, त्याच्यापुढचा आईबापांचा रकाना कसा भरणार? गावाचं नाव त्याला आठवत असलं तरी ते लिहून घेणाऱ्याला कळत नव्हतं. म्हणून मिशननं या मुलांना नावं दिली, आणि आडनावं दिली ती बऱ्याचदा मिशनऱ्यांचीच. सायमन प्राइस. कॅरस फॅरार. रिचर्ड आयझेनबर्ग. यांतला प्राइस आपण आत्ताच पाहिला, फॅरारही पाहिला. आयझेनबर्ग हेही याच सोसायटीच्या मिशनऱ्याचं नाव. मुलांची खरी नावं बहुतांशी हरवली. याला मी दया म्हणू की दांडगाई, हे ठरवायला मला आजही जड जातं. अन्न मिळालं, हुन्नर मिळाला, जीव वाचला. आणि आईनं ठेवलेलं नाव गेलं.

१८६६ साली मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या आफ्रिका प्रवासाला निघाला तेव्हा त्यानं नाशिकच्या शाळेतली ९ मुलं सोबत घेतली. मुंबईच्या पलटणीतले १३ शिपाईही त्या तांड्यात होते. मुलांबद्दल लिव्हिंग्स्टननं रोजनिशीत बऱ्याच तक्रारी लिहिल्या आहेत: आळशी आहेत, ओझी टाकून देतात. मला त्या मुलांची बाजू दिसते. ज्या मुलखातून त्यांना साखळदंडात आणलं त्याच मुलखात ती परत चालली होती, वाटेत गुलामांचे तांडे दिसत होते, आणि पाठीवर दुसऱ्याच्या मोहिमेचं ओझं होतं. त्यांतला रिचर्ड वाटेतच वारला.

१८७२ मध्ये नाशिकच्या मुलांची दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टनकडे पोहोचली. तिच्यात जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फॅरार होता. पुढल्या वर्षी मेच्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी ठरवलं की देह त्याच्या देशात पोहोचवायचा. हृदय एका झाडाखाली पुरलं. प्रार्थनेचे शब्द वाचून दाखवले जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानंच. लाकडावर अक्षर कोरणारा हा हात शरणपूरच्या शाळेत घडलेला. ते खोड पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेलं. देह वाळवून, कापडात गुंडाळून या माणसांनी तो महिनोन्‌महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला. १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत त्याला आफ्रिकेत शोधून काढणारा स्टॅन्ली होता, मोठमोठे इंग्रज होते आणि नाशिकच्या शाळेतला जेकब वेनराइट होता. त्यानं या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली आणि तिचं हस्तलिखित आज स्कॉटलंडमध्ये लिव्हिंग्स्टनच्या जन्मघरी सांभाळून ठेवलं आहे. नाशिकमध्ये जेकबच्या नावाची एक पाटीसुद्धा नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि हे मी केवळ ख्रिस्ती समाजाच्या वतीनं म्हणत नाही. हा नाशिककरांचा माणूस होता.

आश्रमाची गोष्ट तिथे जवळजवळ संपते. १८७३ साली बार्टल फ्रिअर यांच्या प्रयत्नानं झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. हे फ्रिअर त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते. सुटका झालेल्यांची वसाहत आता आफ्रिकेतच करावी असं ठरलं आणि त्यासाठी नाशिकच्या प्राइसनाच पाठवलं गेलं. मोम्बासाजवळ फ्रिअरटाउन वसलं. शरणपुरातली आफ्रिकी मंडळी तिकडे गेली: सुतार, लोहार, शिक्षक, धर्मोपदेशक. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स आणि इश्मायल सेमलर हे दोघे नाशिकचे विद्यार्थी १८८५ साली पाळकपदाची दीक्षा घेणाऱ्या पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या आफ्रिकनांत होते. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेला तांडा परत आणणारा हाच जोन्स. मॅथ्यू वेलिंग्टन तर मोम्बासात १९३५ पर्यंत जगला. केनियात आजही या घराण्यांची आठवण आहे. फ्रिअरटाउनची घंटा जिथे आहे त्या चौकाला मोम्बासात केंगेलेनी म्हणतात.

शरणपुरात मागे राहिलं ते मराठी गाव. १८७६-७८च्या दुष्काळानं आणि शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांनी अनाथाश्रम पुन्हा भरले. त्या आधीच्या पिढीत एक पारशी गृहस्थ मिशनमध्ये काम करत होते, सोराबजी खरसेटजी. घरचा, जातीचा प्रचंड छळ सोसून ते ख्रिस्ती झाले होते. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्ये त्यांना मुलगी झाली, तिचं नाव कॉर्नेलिया. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री आणि भारतात वकिली करणारी पहिली स्त्री ती हीच. पदवी परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. तरी स्त्री म्हणून तिला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. पुढे तिनं बंगाल-बिहारात पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांचे दावे वर्षानुवर्षं सांभाळले. राष्ट्रीय चळवळीला तिचा विरोध होता, गांधीजींवर तिनं कडक टीका केली, आणि म्हणून आपण तिला बाजूला ठेवलं असावं. तिची राजकीय मतं मला पटत नाहीत. पण ज्या शहरात ती जन्मली तिथल्या मुलींना तिचं नाव शाळेत कळू नये, हे त्या मुलींचं नुकसान आहे.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल वेगळं सांगायला नको, असं मी म्हणणार होतो. पण त्या नाशिकच्या होत्या हे सांगायला हवं. गोदाकाठचं जलालपूर हे त्यांचं माहेर. आजोबांना १८५७च्या बंडात फाशी झाली आणि त्याचा धसका घेऊन वडिलांनी सोवळ्याचं जे वेड घेतलं, ते ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही विसरता येणार नाही. नारायण वामन टिळक नाशिकला शिकायला आलेले, गणेशशास्त्री लेल्यांचे विद्यार्थी. लग्न १८८० साली. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई पाच वर्षं ख्रिस्ती धर्माबाहेर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं तो स्वीकारला. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बाई अशी त्यांची कल्पना कुणाची असेल, तर त्यांनी पुस्तक पुन्हा वाचावं. जात मनातून आधी गेली, बाप्तिस्मा नंतर झाला. उत्तरायुष्यात त्या नाशिकला आल्या आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी इथेच वारल्या. मुलगा देवदत्त आणि नातू अशोक या दोघांनी पुढे टिळक दांपत्याचं लेखन इथून सांभाळलं, तपासलं, प्रसिद्ध केलं. मराठी गद्याचं एक शिखर या शहरातल्या ख्रिस्ती घरात जपलं गेलं, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला भाषेबाबत कुणापुढेही मान खाली घालण्याचं कारण नाही.

विसाव्या शतकात चर्चची रचना पक्की झाली. १९२९ साली अँग्लिकनांनी नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत केला आणि अहमदनगर भागात काम केलेले फिलिप लॉइड पहिले बिशप झाले. १९७० मध्ये वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, तेव्हा हा प्रांत त्यात गेला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत पुण्यातून वेगळा झाला तो १९८७ साली. थॉमस भालेराव हे मराठी जेझुइट त्याचे पहिले बिशप.

यापेक्षा महत्त्वाची घटना चर्चच्या भिंतीबाहेर घडत होती. २ मार्च १९३० रोजी दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि देशभरच्या धर्मसंस्था सावध झाल्या. ख्रिस्ती धर्माचा पर्यायही त्यांच्यासमोर होता. तो त्यांनी घेतला नाही, आणि जे ख्रिस्ती झाले त्यांच्या चर्चमध्येही जात शिल्लक आहे हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं होतं. ही टीका आपल्या चर्चनं कधी मनापासून ऐकली का? मला वाटतं, नाही. आपल्या नाशिक-नगर भागात अशी कितीतरी घराणी आहेत की आजा एक, एका भावाचा वंश ख्रिस्ती, दुसऱ्याचा बौद्ध. आडनाव तेच, कुणी साळवे, कुणी गायकवाड, कुणी त्रिभुवन. लग्नपत्रिकेवर एकीकडे क्रूस, दुसरीकडे बुद्ध. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती भावाला मिळत नाही. हा दर्जा शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. २०२२ साली केंद्रानं न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. बाप्तिस्मा घेतल्यानं गावच्या नजरेतली जात पुसली जात नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी कुठल्याही खेड्यात एक दिवस राहून पाहावं.

आता कारखान्यांकडे वळू. नाशिकरोडला १९२५ मध्ये सरकारी छापखाना, म्हणजे सिक्युरिटी प्रेस, सुरू झाला, पुढे नोटांचा कारखाना आला. देवळालीची छावणी होतीच. भायखळ्याची जुनी अँग्लिकन शाळा बार्न्स स्कूल म्हणून १९२५ मध्येच देवळालीला आली. इगतपुरी, मनमाड ही रेल्वेची गावं. १९६४ला ओझरला मिग विमानांचा कारखाना, मग सातपूर, अंबड, सिन्नर. या प्रत्येक टप्प्यावर ख्रिस्ती माणसं आली. गोव्याची, मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची. आणि सगळ्यांत जास्त, माझ्या पाहण्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, राहाता, श्रीरामपूर, नेवासे भागातून. एकोणिसाव्या शतकात जर्मन जेझुइटांनी केंदळ-वळणच्या बाजूला काम सुरू केलं, त्या गावांची ही नातवंडं-पतवंडं. शेतमजुरीतून सुटायचं म्हणून आयटीआय केलं, आणि फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून नाशिकला लागली. बायका परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ही माणसं अजून गावाकडे जातात.

शरणपूरच्या उद्योगशाळेची गोष्ट इथे पुन्हा सुरू होते. कामाची जागा बदलली, बाकी फारसं काही नाही. तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला रविवारची मिस्सा चुकते, म्हणून संध्याकाळची ठेवावी लागते. मराठी उपासनेनंतर त्याच चर्चमध्ये इंग्रजी, कुठे मल्याळी, कुठे तमिळ. होली क्रॉसला, नाशिकरोडच्या चर्चमध्ये, सीएनआयच्या देवळांत नाताळच्या रात्री उभं राहून पाहा. पहिल्या रांगेत साडीचा पदर डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या ‘उपासनासंगीता’तलं भजन पुस्तक न उघडता म्हणतात, आणि मागे उभा असलेला त्यांचा नातू मोबाइलवर इंग्रजी गाणं शोधत असतो.

नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा तुम्हा सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारीत मुंबई, वसई, गोव्याकडून येणाऱ्या गाड्या भरून जातात. मेणबत्त्यांच्या, हारांच्या दुकानांमधून रांग सरकत असते आणि तिच्यात कपाळाला कुंकू लावलेल्या, नवसाला आलेल्या बायका कमी नसतात. काही ख्रिस्ती मंडळींना हे खटकतं. नवस, मेणबत्त्या, जत्रा म्हणजे धर्माची भेसळ, असं ते म्हणतात. मला खटकत नाही. ज्या गावात गंगाघाटावर देशभरची माणसं येतात, त्या गावात बाळ येशूकडेही सगळ्यांनी यावं, यात मला नाशिकचा स्वभाव दिसतो.

कारखान्यांच्या शहरातला ख्रिस्ती समाज दुसरीकडे कसा घडला, यासाठी चीनमधल्या एका शहराचा दाखला देतो. वेंझोउ हे कारखान्यांचं बंदर. तिथे १८६७ साली जॉर्ज स्टॉट नावाचा एक पाय नसलेला स्कॉटिश मिशनरी पोहोचला. आज त्या शहराला ‘चीनचं जेरुसलेम’ म्हणतात. १९८० नंतर तिथे बूट, बटणं, लायटर बनवणारे हजारो खाजगी कारखाने निघाले आणि कारखान्यांचे ख्रिस्ती मालकच चर्चचे पुढारी झाले. त्यांच्या पैशानं भली मोठी चर्चं उभी राहिली. २०१४ मध्ये सरकारनं त्या प्रांतात क्रूस उतरवायला सुरुवात केली. सान्‌च्यांग इथलं नवं प्रचंड चर्च पाडलं गेलं आणि हजाराहून जास्त चर्चांवरचे क्रूस गेले. आपल्याकडे चित्र उलटं आहे. नाशिकचा ख्रिस्ती माणूस मालक नाही, कामगार आहे. त्याच्या चर्चकडे पैसा आहे तो मुख्यतः जुन्या जमिनीच्या रूपात. क्रूस उतरवायला कुणी येत नाही. पण मिशनच्या जागा विकल्या जातात, त्यांवरून समाजातलीच माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात, आणि अनाथांच्या नावानं मिळालेल्या जमिनीवर संकुलं उभी राहतात. याबद्दल मी कुणाचं नाव घेणार नाही, कारण हा रोग सगळ्या महाराष्ट्रातल्या चर्चना जडलेला आहे. पण हे स्वतः न बोलता बाहेरच्यांना दोष देत राहणं मला जमणार नाही.

तसंच शाळांचं. कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळावा म्हणून अख्खं नाशिक रांगेत असतं. मिशनच्या मराठी शाळांचा पट मात्र घसरत चालला आहे. सातपूरच्या कंत्राटी ख्रिस्ती कामगाराच्या मुलाला कॉन्व्हेंटची फी परवडत नाही, आणि ज्या प्रकारच्या मुलासाठी प्राइसनं शाळा काढली तो मुलगा आज त्या शाळेच्या फाटकाबाहेर राहतो. फी माफीची सोय काही ठिकाणी आहे. ती मागायला जाण्याचं धैर्य किती पालकांना होतं, हे शाळांनी पाहिलं पाहिजे.

सिडको, अंबड, सातपूर इथे गेल्या काही दशकांत नव्या प्रार्थना सभा वाढल्या. भाड्याचा हॉल, दुकानावरचा मजला, पत्र्याची शेड. ढोलकी, कीबोर्ड, मराठी-हिंदी मिसळलेली गाणी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, आणि सभेत बहुसंख्य बायका. जुन्या चर्चची माणसं यांच्याकडे जरा वरून पाहतात. तसं पाहू नये. दारूबाज नवऱ्याच्या घरातून आलेल्या बाईला तिथे कुणीतरी नावानं हाक मारतं, आणि आपल्या मोठ्या चर्चमध्ये तिला शेवटच्या बाकावर बसावं लागतं. पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांतही अशा सभा आहेत आणि तिथे धर्मांतरावरून गावं दुभंगल्याच्या तक्रारी येतात. आमिष दाखवून कुणाला बाप्तिस्मा देणं हे ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. तितक्याच स्पष्टपणे म्हणतो की प्रौढ माणसानं विचार करून घेतलेला निर्णय त्याचा असतो. लक्ष्मीबाईंनी तो घेतला आणि काळारामच्या दारातून परतलेल्यांनीही घेतला.

संख्येनं आपण फार थोडे आहोत. २०११च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्या लहान समाजाची आठवण त्यानं स्वतः सांभाळली नाही तर दुसरं कुणी सांभाळणार नाही. आणि आठवण म्हणजे चर्चच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत छापलेले बिशपांचे फोटो एवढंच नाही. फ्रिअरटाउनला न जाता मागे राहिलेला एखादा आफ्रिकी सुतार होता का? दुष्काळात शरणपुरात आलेली मुलं कुठल्या गावांची? सिक्युरिटी प्रेसमध्ये पहिल्यांदा लागलेली ख्रिस्ती माणसं कोणती? बायबल बाई म्हणून खेडोपाडी पायी हिंडणाऱ्या स्त्रियांना पगार किती होता? याची उत्तरं बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदवह्यांत आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. नोंदवह्या लोखंडी कपाटांत ओल खात आहेत आणि म्हातारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून एक ठरावीक काम तुमच्यापुढे ठेवतो. पाळकांची आणि धर्मगुरूंची परवानगी घेऊन या वह्यांचं पानन्‌पान छायाचित्रित करायचं, जुन्या इंग्रजी वळणाचं आणि मराठी हस्ताक्षर वाचून यादी करायची, आणि मूळ वही जिथली तिथे ठेवायची. याला फार पैसा लागत नाही. वाचता येणारी, चिकाटीची माणसं लागतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यावं, निवृत्त शिक्षकांनी यावं, आणि ख्रिस्तीच असलं पाहिजे असं मुळीच नाही. सभागृहाच्या दाराशी एक रजिस्टर ठेवलं आहे. नाव आणि फोन नंबर लिहा, आणि जमलं तर आपले आजी-आजोबा नाशिकला कुठून आले, कुठल्या खात्यात किंवा कारखान्यात लागले, तेही दोन ओळींत लिहा. पावसाळ्याआधी पहिल्या दोन चर्चच्या वह्या करून व्हाव्यात, अशी माझी इच्छा आहे.